पाऊस सरासरीइतका, मग विहीर कोरडी कशी?

जुलै २०१७ मध्ये बीड जिल्ह्यातल्या माजलगाव तालुक्यातल्या काही शेतकऱ्यांनी पोलीस ठाणं गाठलं आणि थेट हवामान खात्याविरुद्ध तक्रार दिली. यंदा पाऊस चांगला, असं खात्यानं सांगितलं. त्या भरवशावर आम्ही कर्ज काढून पेरलं. नंतर पावसानं दडी मारली आणि पेरणी वाया गेली. बियाणं-खतं विकणाऱ्या कंपन्यांशी संगनमत करूनच असा अंदाज दिला जातो, असा त्यांचा आरोप होता. काहींनी ती बातमी हसण्यावारी नेली. मला तेव्हाही हसू आलं नव्हतं, कारण त्या तक्रारीत मराठवाड्यातला एक फार जुना प्रश्न होता. शास्त्रज्ञ आकडा सांगतात, सरकार त्या आकड्यावर निर्णय घेतं, शेतकरी त्याच आकड्यावर घर पणाला लावतो, आणि तिघांच्या मनातला प्रश्न मात्र वेगवेगळा असतो.

आता त्या वर्षीचा हिशेब बघा. खात्याचा जूनमधला अंदाज होता की देशात जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत दीर्घकालीन सरासरीच्या ९८ टक्के पाऊस होईल, त्यात चार टक्के इकडेतिकडे. हंगाम संपला तेव्हा देशात ९५ टक्के पाऊस झाला होता. म्हणजे अंदाज त्याच्या मर्यादेत बरोबर ठरला. आणि माजलगावात पेरलेलं करपलं, हेही खरं. दोन्ही खरं असू शकतं, कारण खात्यानं उत्तर दिलं होतं 'संपूर्ण देशात चार महिन्यांत मिळून किती?' या प्रश्नाचं, आणि शेतकऱ्यानं विचारलं होतं, 'माझ्या रानात, पेरल्यापासून वीस दिवसांत पडेल का?'

दीर्घकालीन सरासरी म्हणजे बऱ्याच वर्षांच्या पावसाची सरासरी. सध्या १९७१ ते २०२० या पन्नास वर्षांची धरतात, ती देशासाठी ८७ सेंटिमीटर आहे. तिच्या ९६ ते १०४ टक्के पाऊस झाला की हवामानशास्त्राच्या भाषेत 'सामान्य'. पण या ८७ सेंटिमीटरमध्ये चेरापुंजीही आहे आणि जैसलमेरही. खात्यानं देशाचे ३६ हवामान उपविभाग केले आहेत. त्यात महाराष्ट्राच्या वाट्याला चार येतात आणि मराठवाडा हा त्यातला एक. उपविभागाच्या पातळीवर 'सामान्य' आणखी ढिला होतो: सरासरीपेक्षा १९ टक्के कमीपासून १९ टक्के जास्तपर्यंत सगळं सामान्यच. मराठवाड्याचा पावसाळ्यातला सरासरी पाऊस साधारण ६५० ते ७०० मिलिमीटर. त्यात १९ टक्के तूट म्हणजे सव्वाशे मिलिमीटर पाणी आलंच नाही. सोयाबीन फुलोऱ्यात आणि शेंगा भरण्यात असताना तेवढंच पाणी हवं होतं असं समजा. पीक गेलं, आणि कागदावर पाऊस सामान्य!

कागदावरची ही सामान्यता आमच्याकडं लोकांच्या डोक्यात जाते, आणि ते रास्त आहे.

चार महिन्यांच्या बेरजेत आणखी एक गोष्ट बुडून जाते, ती म्हणजे पाऊस कसा पडला. शंभर मिलिमीटर पाऊस आठ दिवस झिमझिम पडला तर जमीन पिऊन घेते, वापसा येतो, विहिरीला पाझर लागतो. तोच पाऊस एका रात्रीत कोसळला तर बांध फुटतात, माती ओढ्याला जाते, आणि पंधरा दिवसांनी तीच जमीन पुन्हा तडकते. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यानं हे सोसलं. नद्या पात्र सोडून रानात शिरल्या, काढणीला आलेलं सोयाबीन पाण्याखाली गेलं, कित्येक ठिकाणी जमीनच खरडून गेली. त्या वर्षीची सरासरी काढली तर मराठवाडा ओलाचिंब दिसेल.

पेरू का नको?

मृग निघाला की गावागावात कृषी सहायकाला एकच प्रश्न ऐकू येतो. "साहेब, पेरू का?" आणि साहेब म्हणतात, "दादा, ७५ ते १०० मिलिमीटर होऊ द्या, मग पेरा." हा सल्ला परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचा आहे आणि तो पक्का आहे. तेवढा पाऊस झाला की ओल खोलवर जाते आणि उगवलेलं रोप मधला खंड सोसू शकतं. पण दादांच्या पुढचा प्रश्न तिथं संपत नाही. शेजाऱ्यानं चाळीस मिलिमीटरवर पेरलं, नंतर पाऊस लागून राहिला, तर आपण मागं पडलो. मजूर आज मिळतात, आठ दिवसांनी मिळतील का? ट्रॅक्टरवाला आज येतो म्हणाला आहे. बियाणं उधारीवर उचललं आहे. शास्त्रज्ञाला दिसतो ओलाव्याचा प्रश्न. शेतकऱ्याला त्याच क्षणी ओलावा, उसनवारी, मजूर आणि ट्रॅक्टर एकत्र दिसतात. त्यानं सल्ला मोडला की आपण म्हणतो, लोकांना विज्ञान कळत नाही. माझं मत उलटं आहे. लोकांना विज्ञान बऱ्यापैकी कळतं. विज्ञान सांगणाऱ्याला लोकांची अडचण कमी कळते.

अंदाजातली 'शक्यता' हा याचाच दुसरा भाग. उद्या पावसाची शक्यता ६० टक्के, याचा अर्थ असा की अशी परिस्थिती दहा वेळा आली तर साधारण सहा वेळा पाऊस पडतो आणि चार वेळा पडत नाही. पाऊस पडला नाही म्हणून अंदाज खोटा ठरत नाही. पण शेतकऱ्याला उद्या एकदाच मिळतो, दहा वेळा नाही. तेव्हा त्याला उपयोगाचं वाक्य वेगळं असतं: 'पाऊस न येण्याची शक्यता चाळीस टक्के आहे, तेव्हा फवारणी दोन-चार दिवस पुढं ढकलली तर किती बिघडेल आणि आज केली तर औषध धुऊन जाण्याचा धोका किती?' विद्यापीठातल्या ग्रामीण कृषी मौसम सेवेचा सल्ला दर मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो, त्यात पीकनिहाय असं बरंच काही असतं. मात्र त्याची भाषा! 'तुरळक ठिकाणी हलक्या ते मध्यम स्वरूपाच्या पावसाची शक्यता' हे वाक्य नियमानुसार अचूक आहे, त्यातल्या 'तुरळक', 'हलका', 'मध्यम' या प्रत्येक शब्दाला ठरलेली व्याख्या आहे. ती व्याख्या वाचणाऱ्याला कुणी सांगितलेलीच नाही.

म्हणून लोक मोबाईलवरच्या खासगी अंदाजांकडे वळतात. मराठवाड्यात हे अंदाज गावोगाव फिरतात, आणि त्यांना अडाणीपणा म्हणून झटकून टाकणं सोपं आहे. पण त्यांचं चालतं कशावर ते बघा. ते तारीख सांगतात. तालुक्याचं नाव घेतात. 'सोयाबीन झाकून ठेवा' असं थेट करायचं काम सांगतात, आणि बोलतात आपल्या बोलीत. चुकले तर कुणी नोंद ठेवत नाही, बरोबर आले तर गावभर होतं. पाणी दाखवणाऱ्या पाणाड्याचंही तेच. हातात नारळ किंवा कडुनिंबाची बेचकी घेऊन तो रानात फिरतो आणि म्हणतो, "इथं पाडा, एवढ्या फुटांवर लागेल." भूजल शास्त्रज्ञ म्हणतो, 'या पट्ट्यात पाणी लागण्याची शक्यता बरी आहे, खात्री देता येत नाही.' प्रामाणिक उत्तर दुसरं. पण दोन लाखांचा बोअर पाडायला निघालेल्या माणसाला ठामपणा हवा असतो. शास्त्रज्ञांनी खोटा ठामपणा आणावा असं मी म्हणणार नाही. त्यांनी जागा आणि काम मात्र नेमकं सांगावं, आणि मागच्या हंगामात आपले किती अंदाज बरोबर आले याचा हिशेब तालुक्याच्या भाषेत जाहीर करावा. हे खासगीवाला कधीच करणार नाही, आणि विश्वास तिथंच कमावता येतो.

सरकारला रेघ लागते

आता दुसऱ्या वाचकाकडे, सरकारकडे. तहसीलदाराला शक्यता चालत नाही. मदत द्यायची की नाही, याचं उत्तर हो किंवा नाही असंच असतं. म्हणून प्रशासन निसर्गात नसलेल्या रेघा ओढतं. पैसेवारी, म्हणजे गावपातळीवरच्या समितीनं काढलेला पिकाचा अदमास, ५० पैशांच्या आत आली की टंचाईच्या सवलती. एका दिवसात ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला की अतिवृष्टी. पावसाचा २१ दिवसांचा खंड पडला की पीक विम्याची आगाऊ रक्कम, असाही निकष होता, तो २०२३ च्या खरिपात वादाचा विषय झाला.

रेघ ओढणं चूक नाही. रेघ नसली तर मदत ओळखीपाळखीवर वाटली जाते, आणि ते जास्त वाईट. पण रेघेच्या दोन्ही बाजूंना काय होतं ते जवळून बघायला हवं. पाऊस मोजण्यासाठी महसूल मंडळाच्या पातळीवर 'महावेध' प्रकल्पाची स्वयंचलित हवामान केंद्रं बसवली आहेत, राज्यभर दोन हजारांवर. तारेच्या कुंपणात एक खांब, वर वाऱ्याचा पंखा, बाजूला सौर पाटी, आणि पाऊस जमा करणारं छोटं भांडं. एका मंडळात कितीतरी गावं येतात. श्रावणातला पाऊस बांधाच्या अलीकडे पडतो आणि पलीकडे ऊन असतं. त्या भांड्यात ६२ मिलिमीटर पडले आणि सात किलोमीटरवरच्या गावात ९० पडून पिकं आडवी झाली, तर कागदावर त्या गावात अतिवृष्टी झालीच नाही. विम्याच्या खंडाचंही तेच व्हायचं. सलग अठरा दिवस कोरडे गेले, एकोणिसाव्या दिवशी केंद्रावर तीन-चार मिलिमीटर शिडकावा झाला, की खंडाची मोजणी मोडली. ढेकूळसुद्धा भिजलं नाही त्या शिडकाव्यानं, पण विमा गेला.

दुष्काळ ठरवण्याची पद्धतही अशीच बदलली. आधी भर होता पैसेवारीवर, म्हणजे गावसमितीच्या अदमासावर. त्यात मर्जी चालते अशी तक्रार होती. केंद्र सरकारच्या २०१६ च्या दुष्काळ संहितेनं शास्त्रीय निर्देशांक आणले: आधी पावसाची तूट किंवा खंड, मग उपग्रहानं टिपलेली पिकांची स्थिती, जमिनीतला ओलावा, पेरणीखालचं क्षेत्र, पाणीसाठे, आणि शेवटी निवडक गावांत प्रत्यक्ष पाहणी. कल्पना चांगली. पण उपग्रह बघतो पानांचा हिरवेपणा. ऑगस्टमधलं सोयाबीन वरून हिरवंगार दिसतं, शेंगेत दाणा भरला नाही हे वरून दिसत नाही. शेजारी ऊस असला की तो पट्टा आणखी हिरवा. ऑक्टोबर २०२३ च्या शेवटी राज्यानं या संहितेप्रमाणे ४० तालुके दुष्काळी जाहीर केले. ज्यांची नावं नव्हती तिथं ओरड झाली, आणि मग नोव्हेंबरमध्ये १,०२१ महसूल मंडळांत दुष्काळसदृश परिस्थिती जाहीर करावी लागली.

ही ओरड राजकीय होतीच. पण तिच्यात माहितीही होती. यंत्राला न दिसलेलं शेत लोकांना दिसत होतं. तज्ज्ञांनी लोकांच्या आरडाओरड्याकडे 'दबाव' म्हणून बघायचं की 'निरीक्षण' म्हणून, यावर पुढची मोजणी सुधारते की नाही ते ठरतं.

खडक काय सांगतो

विहीर कोरडी का, याचं उत्तर पावसात अर्धंच आहे. उरलेलं खडकात आहे. मराठवाड्याचा बहुतेक भाग दख्खनच्या काळ्या पाषाणावर, म्हणजे बेसाल्टवर बसला आहे. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक साचून तो तयार झाला. विहीर खणणाऱ्याला शाळेत न जाता हे माहीत असतं: वर माती, खाली मुरूम, मग फुटलेला खडक, मग काळा पाषाण. पाणी राहतं ते मुरमात आणि खडकाच्या भेगांत. अखंड पाषाणात ते जवळजवळ नसतंच. शंभर घनमीटर बेसाल्टमधून उपसता येण्याजोगं पाणी जेमतेम एक ते तीन घनमीटर निघतं.

याचा अर्थ एकदा आकड्यात मांडून बघू. दोन टक्के धरा. एक हेक्टर जमिनीखाली पाण्याची पातळी एक मीटर वाढली तर जमा झालेलं पाणी किती? १०,००० चौरस मीटर गुणिले एक मीटर, त्याचे दोन टक्के: २०० घनमीटर, म्हणजे दोन लाख लिटर. उसाला वर्षभरात साधारण १,५०० ते २,५०० मिलिमीटर पाणी लागतं; मधलं २,००० धरलं तर हेक्टरी २०,००० घनमीटर. पावसाचे सातशे मिलिमीटर सगळे उपयोगी पडले असं मानून वजा केले, तरी १३,००० घनमीटर उरतात. म्हणजे विहिरीवर एक हेक्टर ऊस पोसायचा तर ६५ हेक्टर जमिनीखालची पातळी एक मीटरनं खाली जाईल एवढं पाणी लागतं. काही पाणी झिरपून परत जातं, ठिबक केलं तर बचत होते, खडक बदलला की टक्के बदलतात. पण मोठं चित्र याहून फार वेगळं होत नाही.

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा राज्यातल्या सुमारे ३,९०० निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते: ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे. मोजणी झाली की बातमी येते, 'भूजल पातळीत एक मीटरनं वाढ'. हा आकडा वाचताना सगळ्यात आधी विचारा, वाढ कशाच्या तुलनेत? तुलना मागच्या पाच वर्षांच्या सरासरीशी केलेली असते. समजा त्या पाचांपैकी तीन वर्षं दुष्काळाची होती. मग सरासरीच खोलवर गेलेली, आणि तिच्यापेक्षा एक मीटर वर येणं म्हणजे खड्ड्याच्या तळातून एक पायरी चढणं. आकडा खोटा नाही, बातमीही खोटी नाही, वाचणाऱ्याचा समज तेवढा खोटा होतो.

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं. सुरुवातीला दहा वाघिण्यांतून पाच लाख लिटर, पुढे पन्नास वाघिण्यांतून पंचवीस लाख लिटर. त्याच वर्षी सप्टेंबरात जोरदार पाऊस झाला, मांजरा धरण भरलं. माणसाला विसर पडायला एवढं पुरतं. राज्याचा भूजल कायदा २००९ चा, अमलात आला २०१४ मध्ये. ६० मीटरच्या खाली जाणारी विहीर त्यात 'खोल विहीर' ठरते आणि शेतीसाठी तशी विहीर घेण्यावर बंधन आहे. ६० मीटर म्हणजे दोनशे फूट. आमच्याकडं आठशे-हजार फुटांचे बोअर कुणी लपवून पाडत नाही, रात्रभर गाडीचा आवाज गावाला ऐकू येतो. कायदा तज्ज्ञांनी चांगला विचार करून लिहिला, पण ज्याच्या बांधावर तो लागू करायचा त्याच्याशी बोलणंच झालं नाही.

ठरवणं आणि मोजणं

उसाचा मुद्दा आला की शहरी लेखक शेतकऱ्याला दोष देऊन मोकळे होतात. मला ते पटत नाही. पाण्याची तूट असलेल्या भागात ऊस वाढवू नये, हे राज्याच्या जल व सिंचन आयोगानं १९९९ मध्येच सांगितलं होतं. त्याचे अध्यक्ष होते माधवराव चितळे, पाण्यासाठीचा मानाचा स्टॉकहोम पुरस्कार १९९३ मध्ये मिळालेले. २०१९ मध्ये विभागीय आयुक्त कार्यालयाच्या अहवालातही मराठवाड्यातला ऊस थांबवावा अशी शिफारस आली. विज्ञानाची बाजू इतकी स्वच्छ असूनही ऊस का टिकतो? कारण उसाला एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवून दिलेला किमान दर आहे, कारखाना टोळी पाठवून तोडून नेतो, आठ दिवस पाऊस जास्त झाला किंवा कमी झाला तरी ऊस मरत नाही. सोयाबीनचा भाव काढणीच्या तोंडावर पडतो. 'तूर लावा' म्हणणाऱ्यानं तुरीच्या भावाची हमी दिली पाहिजे. पाण्याचं विज्ञान आणि बाजाराचं धोरण वेगवेगळ्या टेबलांवर ठेवलं की शेतकरी दुसऱ्या टेबलाचं ऐकणार, कारण पैसे तिथं आहेत. त्यात अज्ञान कुठं आलं?

याच्या उलट बाजूला पैठणचं जायकवाडी धरण आहे. तिथं लोकांनी, कोर्टानं आणि राजकारण्यांनी तज्ज्ञांचा आकडा तोंडपाठ केला आहे. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या २००५ च्या कायद्यात तरतूद आहे की तुटीच्या वर्षी खोऱ्यातल्या सगळ्या धरणांनी टंचाई वाटून घ्यायची. कशी वाटायची, याचं कोष्टक मेंढेगिरी समितीनं २०१३ मध्ये दिलं. १५ ऑक्टोबरला जायकवाडीत ६५ टक्क्यांपेक्षा कमी उपयुक्त साठा असेल तर वरच्या नाशिक-अहिल्यानगरच्या धरणांतून पाणी सोडायचं. सप्टेंबर २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं समन्यायी वाटपाची बाजू उचलून धरली. २०२३ च्या ऑक्टोबरात साधारण ८.६ अब्ज घनफूट पाणी सोडण्याचा आदेश निघाला. पुढे फेरविचार समितीनं ही मर्यादा ६५ वरून ५८ च्या आसपास आणावी असं सुचवलं, आणि मराठवाड्यात 'सात टक्के' हा शब्द आंदोलनाचा झाला.

इथं एक गोष्ट नीट वेगळी करून बघायची आहे. धरणात किती पाणी आहे, नदीतून येताना किती मुरेल, उन्हाळ्यात बाष्पीभवन किती होईल, ही मोजण्याची कामं आहेत, ती विज्ञानाची. त्यातही मतभेद असतात, पण ते मोजून मिटवता येतात. टंचाई कुणी किती सोसायची, पैठणच्या कालव्यावरच्या माणसानं की निफाडच्या द्राक्षवाल्यानं, हे मोजून ठरत नाही. तो न्यायाचा प्रश्न आहे आणि तो लोकांसमोर, उघडपणे सुटला पाहिजे. दोन्ही बाजूंचे पुढारी हा न्यायाचा प्रश्न 'शास्त्रीय अहवाला'च्या आड ठेवतात, कारण अहवालाशी भांडायला सामान्य माणूस कचरतो. ६५ हा आकडा आकाशातून पडलेला नाही. तो काही गृहीतकांवर आधारलेला आहे, आणि ती गृहीतकं मराठीत, साध्या कागदावर मागण्याचा आपल्याला हक्क आहे. ५८ चीही तशीच मागावीत.

कृत्रिम पावसाबद्दल थोडक्यात. २०१५ आणि २०१९ मध्ये मराठवाड्यात विमानं उडाली. सोलापूर भागात पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेनं केलेल्या प्रयोगात योग्य ढगांवर फवारणी केली तर शंभर चौरस किलोमीटरच्या पट्ट्यात साधारण १८ टक्के जास्त पाऊस पडू शकतो, असं आढळलं. यातले 'योग्य ढग' हे दोन शब्द महत्त्वाचे. दुष्काळ पडतो तेव्हा नेमके तेच नसतात. दुष्काळ जाहीर झाल्यावर विमान मागवणं म्हणजे हंगाम गेल्यावर पेरणं.

जलयुक्त शिवारचं तसं नाही, ते काम लोकांनी मनापासून केलं. २०१४ च्या डिसेंबरात योजना आली, गावांनी वर्गणी काढली, पोकलेन लावले, नाले खोल-रुंद झाले, पहिल्या पावसात पाणी साचलेलं बघून लोकांचे डोळे भरून आले. भूजलतज्ज्ञ तेव्हाच सांगत होते की आधी माथ्यावर समतल चर, मग पायथ्याला बांध. खोलीकरण करताना मुरमाचा पाणी धरणारा थरच उकरून काढू नका. नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा अहवाल २०२० मध्ये आला. ९,६०० कोटींवर खर्च होऊनही भूजल पातळी वाढवण्यात योजनेचा प्रभाव फारसा दिसला नाही, असं त्यात म्हटलं. लगेच दोन तट पडले. पण बहुतेक गावांत कामाआधी किती पाणी होतं आणि नंतर किती, हे गावानं स्वतः मोजून ठेवलेलंच नव्हतं. मग भांडण कशावर करणार? जालन्याजवळच्या कडवंचीत १९९६ ते २००१ या काळात खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राबरोबर इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमात माथ्यापासून पायथ्यापर्यंत काम झालं. शास्त्रज्ञ आणि गाव वर्षानुवर्षं एकमेकांच्या समोर बसत राहिले, आणि द्राक्षबागा उभ्या राहिल्या. पुढे तिथं शेततळी वाढली, विहिरीचं पाणी उपसून प्लॅस्टिकच्या तळ्यात साठवण्याची पद्धत आली, आणि जमिनीखालचं सामायिक पाणी उघड्यावर, मालकीचं होऊ लागलं. यशस्वी गावातसुद्धा हिशेब मांडत राहावा लागतो.

तो हिशेब गावाला करता येतो. अटल भूजल योजनेत जालना, लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांतल्या गावांनी पाण्याचा ताळेबंद मांडायला सुरुवात केली, पण त्यासाठी योजनेत नाव असायलाच हवं असं नाही. गावात चार दिशांच्या चार विहिरी ठरवा, शक्यतो एक माथ्याची, एक ओढ्याकाठची. परतीचा पाऊस संपला की ऑक्टोबरात, आणि नंतर जानेवारी, मार्च, मेमध्ये मोजा, म्हणजे यंत्रणेच्या आकड्यांशी ताडून बघता येईल. सकाळी मोटार चालू व्हायच्या आधी टेपला वजन बांधून सोडा, पाण्यापर्यंतचं अंतर घ्या, त्यातून कठड्याची उंची वजा करा. आकडा वहीत आणि शाळेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या भिंतीवर, दोन्हीकडे लिहा. भिंतीवरचा आकडा कुणाला मागाहून बदलता येत नाही. शाळेच्या पटांगणात एक साधं पर्जन्यमापक ठेवून रोज सकाळी साडेआठला पाऊस लिहा, हवामान खातंही त्याच वेळी मोजतं. ऑक्टोबरच्या ग्रामसभेत एवढे आकडे असले की रब्बीला किती एकर गहू आणि किती हरभरा, यावर बोलता येतं. मंडळाच्या केंद्रात ६२ आणि आपल्या पटांगणात ९० पडले, तर त्या दिवशीच तलाठ्याकडे लेखी अर्ज द्या, सोबत वहीच्या पानाचा आणि रानाचा फोटो जोडा, आणि अर्जाची पोच घ्या.